हानलेत ‘सकाळी बघू’ चालत नाही

प्लॅन एकदम टाइट होता. बुधवारी सकाळी लेहला लँडिंग, गुरुवारी आराम, शुक्रवारी हानले, सोमवारी परत डेस्कवर. तीन दिवसांची लीव्ह, त्याला वीकेंडचं शेपूट. त्यात अमावास्या, म्हणजे आकाशगंगा गॅरंटीड! एक्सेलमध्ये हे सगळं फार सुंदर दिसत होतं. एक्सेलला श्वास घ्यावा लागत नाही.

हानले लेहपासून सुमारे अडीचशे किलोमीटरवर, लडाखच्या पार पूर्वेला. रस्ता बराच वेळ सिंधूच्या काठाने जातो. उपशी, चुमाथांग, माहे, न्योमा, मग लोमाचा पूल. त्यानंतर एकदम मोकळं पठार लागतं आणि लांबवर एका टेकडीच्या माथ्यावर पांढरा घुमट दिसतो. ती भारतीय खगोलीय वेधशाळा. उंची ४५०० मीटर. तिथली दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्रा दुर्बीण सप्टेंबर २००० मध्ये पहिल्यांदा आकाशाकडे वळली. खाली मैदानात ‘मेस’ ही भाभा अणुसंशोधन केंद्राची २१ मीटरची अवाढव्य आरशांची तबकडी आहे, तिचं उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झालं. आणि आपल्या पवईच्या आयआयटीची भागीदारी असलेली एक छोटी दुर्बीणही इथे आहे. ती रात्रभर माणसाशिवाय स्वतःच काम करते. तिचं शहाणपण मला नंतर कळलं.

कारण गंमत अशी की, मोठी दुर्बीण चालवणारे शास्त्रज्ञसुद्धा इथे बसत नाहीत. ते असतात बंगळुरूजवळच्या होसकोटेत, दोन हजारांहून जास्त किलोमीटर लांब. सॅटेलाइट लिंकवरून घुमट उघडतो, दुर्बीण फिरते, फोटो खाली येतात. कोरडी हवा, काळंकुट्ट आकाश, ढग कमी... दुर्बिणीला जे जे हवं ते इथे आहे. माणसाला जे हवं ते मात्र कमी आहे. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ६० टक्क्यांच्या आसपास, आणि त्या हिशेबाने प्रत्येक श्वासातला ऑक्सिजनही. हिवाळ्यात पारा उणे २५ च्याही खाली. तरी यंत्रांची देखभाल करायला काही माणसं वर्षभर इथे राहतातच.

दुपारी आम्ही टेकडीवर जाऊन आलो. पायऱ्या चढताना माझाच दम निघाला होता, त्यामुळे मित्र गप्प आहे हे कोणाच्या लक्षात आलं नाही. त्याचं डोकं लेहपासूनच दुखत होतं, हे त्याने सांगितलं रात्री. ‘तुमचा मूड जाईल म्हणून बोललो नाही,’ म्हणे. आपण मराठी लोक आजारी पडतानाही संकोच करतो.

२०२२ मध्ये हानलेच्या आसपासचा परिसर डार्क स्काय रिझर्व्ह जाहीर झाला. गावातल्या तरुण-तरुणींना दुर्बिणी आणि ट्रेनिंग मिळालं, तेच आता पर्यटकांना तारे दाखवतात. आमच्या होमस्टेच्या ताई, त्यांना सगळे ‘आचे-ले’ म्हणतात, त्यांच्यापैकीच एक. रात्री अंगणात दुर्बीण लावली. आमची पाळी झाली, मित्राची आली, आणि त्याला आयपीसला डोळाच लावता येईना. हसला, तोल सावरला, म्हणाला, ‘झोप आलीये, जातो.’

आम्ही जाऊ दिलं असतं. आचे-लेंनी नाही दिलं. लाल टॉर्च जमिनीवर मारून त्या म्हणाल्या, ‘सीधी लाइन में चलो. एड़ी के आगे पंजा.’ चौथ्या पावलाला तो भिंतीवर गेला. मग त्याला उलटी झाली.

आमच्यातलं कोणीतरी म्हणालं, ‘झोपू दे, सकाळी बघू.’ (कोणीतरी म्हणजे मीच.) आचे-लेंनी माझ्याकडे असं बघितलं की मी विषय बदलला.

विरळ हवेत डोकं दुखणं, मळमळणं हे बऱ्याच जणांना होतं, थांबलं की बरं वाटतं. पण पावलं अडखळायला लागली, तर मेंदूला सूज येत असल्याची शक्यता असते. बसल्या जागी धाप आणि खोकला म्हणजे फुप्फुसात पाणी. दोन्हींत माणूस झोपेतल्या झोपेत बिघडत जातो. यावरचा उपाय एकच, खाली उतरणं. बाकी सगळं वेळ काढण्यासाठी.

आता नकाशा बघा. हवाईच्या मौना कियावर दुर्बिणी ४२०० मीटरवर आहेत, पण राहायची सोय २८०० वर. चिलीतल्या ‘अल्मा’च्या तबकड्या ५००० मीटरवर, तर मुक्काम २९०० वर. गाडीत बसलं की तासाभरात माणूस जाड हवेत. हानलेला असं ‘खाली’ नाहीच! गावच सुमारे ४३०० मीटरवर. न्योमासुद्धा चार हजारांच्या वर. खरी उंची कमी होते ती उपशीच्या बाजूला, म्हणजे जवळजवळ दोनशे किलोमीटर गेल्यावर.

म्हणून अशा ठिकाणी गॅमो बॅग नावाची चीज कामाला येते. माणूस आत झोपतो, चेन लावायची, पायाने पंप मारत राहायचं. आतला दाब वाढतो आणि शरीराला वाटतं आपण दीडेक हजार मीटर खाली आलो. ही बनवली इगॉर गॅमो यांनी. त्यांचे वडील जॉर्ज गॅमो म्हणजे बिग बँगच्या सिद्धांतातलं मोठं नाव. बापाने विश्व कसं फुगलं ते मांडलं, मुलाने पिशवी फुगवली.

आमच्याकडे पिशवी नव्हती. गाडीत एक ऑक्सिजन सिलिंडर होता, आणि ठाण्याच्या आमच्या डॉक्टरांनी दिलेलं औषधांचं पाकीट. डायमॉक्सची पट्टी त्यात कोरी करकरीत, कारण ‘आपल्याला काय होतंय!’ मोबाइलला एक दांडी रेंज होती. डॉक्टर झोपेतून उठले, दोन प्रश्न विचारले, पाकिटातली डेक्सामेथासोन कधी आणि किती द्यायची ते सांगितलं, आणि म्हणाले, ‘फोन ठेव आणि निघ.’

निघालो तेव्हा दहा वाजले होते. इथे रात्री गाडीचे दिवे मंद ठेवायचे असतात, तारे बघणाऱ्यांना त्रास नको म्हणून. ड्रायव्हरने हेडलाइट फुल्ल मारले आणि अख्खं पठार पांढरं झालं. अंगणा-अंगणात दुर्बिणी लावून बसलेल्या कोणीही हूं की चूं केलं नाही. आचे-लेंनी गरम पाण्याचा थर्मास खिडकीतून आत दिला.

लोमाच्या चेकपोस्टवर जवानाने टॉर्च मारली, मास्क लावलेला चेहरा पाहिला, ‘ऑक्सिजन कितना बचा है?’ एवढंच विचारलं आणि गेट उघडलं. पुढचे काही तास मी फक्त सिलिंडरचा काटा बघत होतो. दर दहा मिनिटांनी मित्राला हलवून त्याच्या बॉसचं नाव विचारायचं. चुमाथांगच्या आधी एकदा त्याला नाव आठवेना. गाडीत कोणी बोललं नाही. उपशीला पोचलो तेव्हा त्याने नाव सांगितलं, वर बॉसबद्दल दोन विशेषणंही जोडली. आम्ही इतके हसलो की ड्रायव्हरला गाडी बाजूला घ्यावी लागली.

लेहच्या हॉस्पिटलमध्ये सकाळी त्याला पुन्हा रेषेवर चालवलं. चालला, जरा वाकडा, पण चालला. तेवढ्यात माझा फोन वाजला. आचे-लेंचा मेसेज, ‘वो कैसा है?’ ठीक आहे, कळवलं. लगेच दुसरा आला, ‘अच्छा. कल रात आसमान बहुत साफ था.’

त्याला वाचून दाखवला. त्याने मास्क बाजूला केला आणि आम्हाला सणसणीत शिवी घातली.