पाटी परक्याची

न्यू जर्सीतील एका जैन दांपत्याने पन्नाशीच्या उंबरठ्यावर नोकऱ्या सोडल्या. त्यांची बँकेतील, तिची प्रयोगशाळेतील. घेतली ती गालिचे धुण्याची फ्रँचायझी. सोलापूरला कापडाच्या दुकानात हयात घालविलेल्या वडिलांनी एवढेच विचारले, "पाटीवर नाव कोणाचे?"

प्रश्न वर्मी लागणारा होता. नाव परक्याचे, आणि रॉयल्टी बहुधा विक्रीवर, नफ्यावर नव्हे. मात्र अमेरिकी नियमानुसार सही करण्यापूर्वी किमान १४ दिवस माहितीपत्र हाती द्यावे लागते; त्यात धंदा सोडून गेलेल्यांचीही नावे असतात. दोघांनी आधी त्यांनाच फोन केले. व्यापारी घराण्याचे रक्त ते!

आता दोघे गुडघे टेकून काम करतात. गालिच्यात गरम पाणी दाबाने सोडायचे, मळासह ओढून घ्यायचे. त्यातही सूक्ष्म जीव जातातच, ही टोचणी आहे. पण ती उद्योगी हिंसा, गृहस्थाला पूर्णपणे न टळणारी. कुत्री पाळणारी घरे पिसवांवर औषध फवारा म्हणतात, पैसेही जास्त देतात. ती संकल्पी हिंसा. ते काम दोघे घेत नाहीत.

पाटीचा विषय वडिलांनी पुन्हा काढलेला नाही. नाकारलेल्या कामांची नोंद वहीत ठेवता ना, एवढे दर रविवारी विचारतात.