बेरिया कॉलेज, आधी पट छापा

बेरिया कॉलेज यांस,



अमेरिकेच्या केंटकी राज्यात, अ‍ॅपलाशियन डोंगरांच्या पायथ्याशी तुमचा मुक्काम. विद्यार्थी दीड हजाराच्या आसपास. तरी तुमच्या गुणवंतांच्या यादीचा मोठ्या विद्यापीठांना हेवा वाटावा. १९३७ चे पदवीधर जॉन फेन यांना २००२ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तुमचेच कार्टर वुडसन यांनी १९२६ साली कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा सप्ताह सुरू केला. पुढे तो महिनाभर साजरा होऊ लागला. लेखिका बेल हुक्स तर जगभर नाव झाल्यावर तुमच्याकडे शिकवायला आल्या आणि तिथल्याच झाल्या.

ही नावं मिरवा. पण कॉलेज कोणाला घडवून बाहेर पाठवतं, याच्याआधी ते कोणाला आत घेतं हे पाहावं, असं मला वाटतं. तुमच्याकडे पैसेवाल्यांच्या मुलांना सहसा प्रवेशच नाही. १८९२ पासून शिकवण्याची फी नाही. प्रत्येकाने आठवड्याला किमान दहा तास काम करायचं: कोणी बून टॅव्हर्न हॉटेलात, कोणी शेतावर, कोणी झाडू बांधायला.

सातारकरांना यात ओळखीचं बरंच सापडेल. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली तिथे वसतिगृह काढलं आणि सगळ्या जातींची मुलं एका पंक्तीला बसवली. ‘कमवा आणि शिका’ हे त्यांचंच. पण मला त्याहून मोठी वाटते ती एकत्र पंगत, म्हणूनच तुमच्या कामाच्या तासांपेक्षा तुमचा जुना पट मला मोलाचा वाटतो. गुलामगिरीविरोधी धर्मोपदेशक जॉन फी यांनी १८५५ साली एका खोलीत शाळा सुरू केली. १८५९ मध्ये सशस्त्र जमावाने तुमच्या माणसांना हुसकावून लावलं. यादवी युद्धानंतर ती परतली आणि १८६६-६७ च्या पटावर १८७ विद्यार्थी आले: ९६ कृष्णवर्णीय, ९१ गोरे. गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं.

तो पट टिकला नाही. १९०४ साली केंटकीच्या विधिमंडळाने ‘डे कायदा’ करून गोऱ्यांना आणि कृष्णवर्णीयांना एकत्र शिकवायला बंदी घातली. तुम्ही सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढलात, १९०८ मध्ये हरलात. कृष्णवर्णीय मुलांची सोय दुसऱ्या संस्थांमध्ये लावलीत, त्यांच्यासाठी लिंकन इन्स्टिट्यूट उभारलीत. हे सगळं खरं. पण डोंगरातल्या गरीब गोऱ्यांना ओढण्याच्या भरात, अध्यक्ष विल्यम फ्रॉस्ट यांच्या काळात, कृष्णवर्णीयांचं प्रमाण कायद्याआधीच घसरलं होतं, हेही खरंच. वुडसन १९०३ चे पदवीधर. दोन वर्षं उशिरा आले असते, तर तुमच्या यादीत ते नसते. दार पुन्हा उघडायला १९५० उजाडलं.

आणखी एक. तुमचं मोफत शिक्षण मुलांच्या घामावर चालतं, असा अनेकांचा समज आहे. खरा भार उचलते ती अब्जाहून अधिक डॉलरची गंगाजळी. २०१७ साली श्रीमंत कॉलेजांच्या ठेवींवर कर बसला, तेव्हा तुम्हीही त्यात सापडलात. मग २०१८ मध्ये फक्त फी भरणारे विद्यार्थी मोजायचे, अशी दुरुस्ती झाली आणि तुम्ही सुटलात. गंगाजळी असलेली कॉलेजं अमेरिकेत पुष्कळ आहेत; गरज हीच पात्रता मानणारी विरळा. पैसा कोणासाठी, हे तुम्ही ठरवलंत, आणि खरी कमाई तीच आहे.

म्हणून एक सुचवतो. दरवर्षीच्या गुणगौरवात पहिलं पान नव्या पटाला द्या. घरात कॉलेजचं तोंड पाहणारे पहिलेच असे किती, कृष्णवर्णीय किती, डोंगरातले किती, ते छापा. शेजारी १८६६ चा पट ठेवा आणि १९०४ चाही. नोबेल दुसऱ्या पानावर गेलं, म्हणून फेन यांचा मान तसूभरही कमी होणार नाही.

कळावे,
एक मराठी वाचक