मावशीचं दुखणं आणि ‘ती’ यादी

तिसऱ्या केमोनंतर मावशीच्या पोटात पेजही टिकेना. लोअर परळच्या चाळीतली तिची खोली. उलट्यांचा आवाज शेजारी जाऊ नये म्हणून ती टीव्ही मोठा करायची!

एकदा फिनिक्समध्ये कॉफी पिताना एक मित्र म्हणाला, “अगं, अमेरिकेत यावर डॉक्टर गांजा देतात.”

झालं! रात्रभर मी नेटवर. कॅलिफोर्नियाने १९९६ साली कायदा केला, त्यात आजारांची चक्क यादी आहे. कॅन्सर, एड्स, काचबिंदू, संधिवात, मायग्रेन, भूक मरणं, जुनाट वेदना. मावशी यादीत एकदम फिट!

आणि आपल्याकडे? अशी यादीच नाही. १९८५ च्या एनडीपीएस कायद्याने गांजा आणि चरसवर बंदी आणली. नुसती पानं, म्हणजे भांग, त्यातून सुटली. पण महाराष्ट्रात दारूबंदी कायद्यामुळे तिलाही परवाना लागतो. आयुर्वेदात हीच ‘विजया’, पण तीही वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायची.

गंमत म्हणजे त्याच १९८५ साली अमेरिकेत केमोच्या उलट्यांवर ड्रोनॅबिनॉलची कॅप्सूल मंजूर झाली. गांजातला नशा आणणारा घटक, पण प्रयोगशाळेत बनवलेला. तोही कधी द्यायचा? नेहमीच्या औषधांनी उलट्या थांबल्या नाहीत, तरच.

इथे मी थबकले. मावशीची नेहमीची औषधं तरी नीट चालू होती का?

“डॉक्टरांना उलट्यांचं सांगितलंस?”

“केवढी रांग असते गं तिथे. त्यांना कशाला उगाच त्रास?”

पुढच्या तारखेला मीच सोबत गेले. कुठल्या दिवशी किती उलट्या, सगळं कागदावर लिहून. गांजाचंही विचारलं, जरा लाजतच. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, “तसलं काही परस्पर देऊ नका, बाकीच्या औषधांबरोबर त्रास होईल. पण हे आधी का नाही सांगितलंत?” आणि त्यांनी गोळ्या बदलून दिल्या.

चौथ्या केमोनंतर उलट्या थांबल्या नाहीत, पण खूप कमी झाल्या. तिसऱ्या दिवशी मावशीने स्वतःहून मऊ भात मागितला. वर मेतकूट!

खरं सांगू? मी दूरदेशीची यादी पाठ करत बसले होते, आणि घरातलं माणूस मुकाट सोसत होतं. तुमच्याही घरी कुणी असं टीव्ही मोठा करत असेल, तर आधी त्यांच्यासोबत डॉक्टरांकडे जा. यादीचं नंतर बघू.