तिथीची पाऊणपट

दोन रात्रींच्या पाहुण्यासाठी रत्नागिरीचा क्रम मी झोपेतही लावून देईन. पहिल्या दिवशी आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळे आणि पुढे मालगुंडला केशवसुतांचं घर. दुसऱ्या दिवशी रत्नदुर्ग, थिबा पॅलेस, पावस. तिसऱ्या सकाळी घावने खायचे, आमसुलं आणि फणसपोळी डिकीत टाकायची, की गाडी हायवेला लागली. भाट्याच्या सुरूबनामागचं आमचं घर पाहुण्यांना द्यायला लागल्यापासून हेच चाललंय. जुनी मैत्रीण आठवडाभरासाठी येते तेव्हा मात्र हा क्रम दुसऱ्या संध्याकाळीच संपतो. पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी अक्कल गेली, असं म्हणणाऱ्यांनी उरलेल्या चार दिवसांचं काय करायचं ते सांगून ठेवलेलं नाही.

ते समुद्राला विचारायचं. किनाऱ्यावरचा हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. पौर्णिमा म्हणजे पंधरावी तिथी, तिची पाऊणपट सव्वाअकरा; म्हणजे पूर्ण भरती सव्वाअकराच्या सुमारास आणि ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी सव्वापाचच्या आसपास. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. चतुर्थीला भरती तीनला, अष्टमीला सहाला. थोडं इकडेतिकडे होतं, पण आठवड्याचा बेत आखायला एवढं पुरतं. आठवड्यात सगळा दिवसच उलटा होतो. पौर्णिमेच्या संध्याकाळी जिथे मैलभर ओली वाळू उघडी असते, तिथे सप्तमीच्या संध्याकाळी पाणी सुरूच्या बाजूला सरकलेलं असतं.

मैत्रीण नागपूरची, आम्ही पुण्याच्या हॉस्टेलवर एका खोलीत राहिलो. ती माघी पौर्णिमेला आली. पहिले दोन-तीन दिवस म्हणून पहाटेचे ठरवले. उधाणाची ओहोटी खोल जाते. काजळी नदीच्या मुखाशी बायका तिसऱ्या काढायला उतरतात. त्यांच्यामागे जाऊन हिनेही पदर खोचला. तिसऱ्या आणल्या आणि टाकल्या कढईत, असं होत नाही. त्या मिठाच्या पाण्यात ठेवून वाळू सोडू द्यायची, मग विळीवर उघडून मांस असलेली शिंपी ठेवायची, रिकामी टाकायची. याला एकशिपी म्हणतात. विळी मी तिच्याच हातात दिली. गिऱ्हाइकाला आयतं ताट लागतं, पण मैत्रिणीला तिसऱ्या दिवसापर्यंत हाताला काम मिळालं नाही तर ती संकोचाने परतीचं तिकीट बघू लागते. नारळ खवणं, अंगण झाडणं, संध्याकाळी मिरकरवाड्यावर जाऊन बांगड्याचा भाव करणं, यातलं काहीही चालतं. सावजी रश्श्यावर वाढलेली तिची जीभ नारळाच्या वाटणाला दोन दिवस नावं ठेवत होती. मी तिखट वाढवलं नाही. पाहुणीच्या चवीचं करायचं तर तिने एवढ्या लांब का यावं? सोलकढी मात्र ती वाटीने मोजायची सोडून तांब्याने घेऊ लागली.

खोलीबद्दल माझं एक ठाम मत आहे. पाहुण्यांना समुद्राकडची खोली हवी असते, फोटोसाठी. ती मी देते, पैसेही जास्त घेते. मैत्रिणीला मागची, पूर्वेची दिली. दिवसा समुद्राकडून खारे वारे येतात, पण रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते आणि वारा उलटा, जमिनीकडून वाहतो. ते मतलई वारे. माघात ते गार असतात आणि कोरडेही. पूर्वेची खिडकी उघडी टाकली की पंखा लागत नाही, गाजेचा आवाजही भिंतीपलीकडून येतो. समुद्राच्या सलग आवाजाची सवय नसलेल्या माणसाला पहिल्या रात्री त्यानेच झोप येत नाही, हे जाहिरातीत कुणी लिहीत नाही.

पोहण्याच्या बाबतीत मात्र मी मैत्री बाजूला ठेवते. पाणी चढत असताना, कमरेइतकं, आणि किनाऱ्यावर कुणी उभं असेल तरच. ओहोटी लागली की बाहेर. गणपतीपुळ्याला पट्टीचे पोहणारेही बुडालेले आहेत. तिने हट्ट केला, रुसली, दुपारी बोलली नाही. चालायचंच.

आठवड्याच्या मध्यावर उधाण उतरत जातं आणि अष्टमीकडे भांगाचे दिवस येतात. भरतीही लहान, ओहोटीही लहान. बोलण्याचंही तसंच होतं. हॉस्टेलच्या गोष्टी संपलेल्या, मुलांच्या सांगून झालेल्या. अशा वेळी यजमानाने नवीन काही काढू नये. तिला मी एसटीने एकटीला थिबा पॅलेसला पाठवलं. इंग्रजांनी १८८५ मध्ये ब्रह्मदेशच्या थिबा राजाला गादीवरून उतरवलं, १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. त्याच्यासाठी राजवाडा उभा राहिला तो १९१० मध्ये, आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. सावरकरही १९२४ पासून १९३७ पर्यंत इथे होते, जिल्हा सोडायचा नाही या अटीवर. सक्तीच्या पाहुण्यांचा या गावाला जुना अनुभव आहे. ती परत आली तेव्हा थिबा पॉइंटवरून भाट्याचा पूल आणि आमचं सुरूबन दिसलं, हे सांगताना तिला नवीन विषय मिळाला होता. थिबाच्या राणीवर, सुपायालतवर, आम्ही रात्री उशिरापर्यंत भांडलो.

तुम्ही आठवडाभर कुणाकडे किनाऱ्यावर जाणार असाल, तर सुट्टी टाकण्याआधी पंचांग बघा. पहाटे लांबवर चालायचं, तिसऱ्या काढायच्या तर पौर्णिमा किंवा अमावास्या धरून या; दुपारी पडवीत वाचत पडायचं असेल तर अष्टमी बरी. माघात हापूस मागू नका, तेव्हा झाडावर मोहोर असतो. आणि घरून पापड-चिवडा आणायच्या फंदात पडू नका. इथल्या हवेत तो दुसऱ्याच दिवशी सादळतो.