येरवड्याच्या गल्लीतून

विक्रोळीच्या आमच्या वस्तीत सध्या एकच विषय आहे. बिल्डरची माणसे संमतीपत्रे घेऊन दारोदार फिरत आहेत. सही करा आणि तीनशे फुटांची खोली फुकट घ्या, असे त्यांचे म्हणणे. निम्म्याहून अधिक घरांच्या सह्या झाल्या की त्यांचे काम पुढे सरकते. पुरुषमंडळी म्हणतात, करून टाका. म्हातारी माणसे म्हणतात, थांबा. बायकांना अजून कोणी विचारलेले नाही. म्हणून आम्ही चौघींनी ठरवले की सही करण्याआधी एकदा पुण्याला जाऊन यायचे. आमच्यापैकी एकीची नणंद येरवड्याच्या नेताजी नगरात राहते. सगळे तिला अक्का म्हणतात. अक्काचे पत्र्याचे घर पाडून त्याच जागेवर सरकारी अनुदानातून पक्के घर झाले, मध्ये बिल्डर नाही की टॉवर नाही, हे आम्ही कितीतरी वर्षे ऐकून होतो. पण ऐकणे वेगळे आणि डोळ्यांनी बघणे वेगळे.

पहाटे ठाण्याला इंद्रायणी पकडली. चपात्या आणि बटाट्याची भाजी बरोबर होती. चिक्की घ्यायची नाही असे ठरवून निघालो होतो, तरी लोणावळ्याला घेतलीच. पुणे स्टेशनवरून बस धरली. बंडगार्डनचा पूल ओलांडला की येरवडा आले. २०२४ पासून मेट्रोही येरवड्याला थांबते, पण आमचा हिशेब बसच्या तिकिटाचा होता.

येरवडा म्हटले की आपल्या घराघरांत २४ सप्टेंबर १९३२ चा करार आठवतो. आम्हालाही आठवला. बाबासाहेबांनी ज्या तुरुंगात वाटाघाटी केल्या त्याची उंच दगडी भिंत दिसली तशा आम्ही चौघीही गप्प झालो. त्या करारावर पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यात आम्ही काय भर घालणार? पण या भिंतीच्या आसपास हजारो कष्टकरी कुटुंबे दाटीवाटीने राहतात, त्यांच्याबद्दल मात्र फारसे कोणी लिहीत नाही.

नेताजी नगर, मदर तेरेसा नगर, शीला साळवे नगर अशा वस्त्या येथे आहेत. गल्लीत शिरलो आणि पहिल्यांदा आमची थोडी निराशाच झाली. आमच्या मनात एकसारख्या घरांची रांग होती. इथे तसे काहीच नाही. एक घर दोन मजली, शेजारचे जुनेच एकमजली, त्याच्या पलीकडे तीन मजली. कुठे खाली दुकान आणि वर संसार. कुठे खालची जागा नुसत्या खांबांवर मोकळी, तिथे दोन स्कूटर आणि एक हातगाडी उभी. गल्ली मध्येच रुंद होते आणि मध्येच आक्रसते. एका दारात पापड वाळत होते, दुसऱ्या दारात एक मुलगा पुस्तक घेऊन पायरीवर बसला होता. हे बघायला एवढ्या लांब आलो का, असे एकीने हळूच म्हटलेसुद्धा.

अक्काने चहा टाकला आणि मग एकेक गोष्ट उलगडत गेली.

अक्का १९७२ च्या दुष्काळात बापाचे बोट धरून सोलापूरकडून पुण्यात आल्या. भाऊ पुढे मुंबईला कामाला गेला, त्या लग्न होऊन याच भागात राहिल्या. "पावसाळ्यात खाट विटांवर चढवायची आणि पोरांना खाटेवर. माझी निम्मी रात्र पातेली सरकवण्यात जायची," त्या म्हणाल्या. डिसेंबर २००५ मध्ये केंद्र सरकारने जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियान सुरू केले. त्यात शहरी गरिबांना मूलभूत सेवा पुरवण्याचा एक भाग होता, इंग्रजी अक्षरांवरून त्याला बीएसयूपी म्हणत. त्याच योजनेतून पुण्यात वारजे, हडपसरकडे बहुमजली इमारती उठल्या आणि लोकांना तिकडे हलवण्यात आले. पण येरवड्यात वेगळा प्रयोग झाला. माणसे हलवायची नाहीत. ज्याचे घर कच्चे आहे त्याचे घर, त्याच्याच जोत्यावर, पक्के करायचे.

पैशाचा हिशेब अक्काला आजही तोंडपाठ आहे. घरामागे ३ लाख रुपये धरलेले. निम्मे केंद्राचे, म्हणजे दीड लाख. राज्य आणि महापालिका मिळून चाळीस टक्के. उरलेला दहावा हिस्सा, ३०,००० रुपये, कुटुंबाने घालायचा. घर २७० चौरस फुटांचे. ज्याला त्याहून मोठे हवे त्याने वरचा खर्च सोसायचा. पैसा कुटुंबाच्या हातात येत नसे. काम जसजसे पुढे जाई तसतसा हप्ता सुटे, आणि काम आधी, पैसा नंतर अशी रीत असल्याने मधला काळ कोणीतरी उचलून धरावा लागे.

तो उचलून धरणाऱ्यांत बायका होत्या, हे आम्हाला नवीन होते. महिला मिलन ही संघटना १९८६ मध्ये मुंबईत भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांनी उभी केली. रोज दोन-पाच रुपये, जमेल तेवढे, बचत करायची ही तिची सुरुवात. स्पार्क ही संस्था आणि जोकिन अर्पुथम यांचा राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघ यांच्याबरोबर ती काम करते. जोकिन स्वतः मुंबईच्या जनता कॉलनीतले. त्यांना २००० साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, २०१८ मध्ये ते गेले. पुण्यातल्या महिला मिलनला येरवड्यातल्या काही वस्त्यांतील घरे बांधण्याचे काम मिळाले. घरोघर मोजणी बायकांनी केली. सिमेंट-सळईचा हिशेब बायकांनी ठेवला. नकाशांचे काम पुण्याचे वास्तुशिल्पी प्रसन्न देसाई यांच्याकडे होते आणि सुरुवातीच्या आराखड्यात फिलिपे बालेस्त्रा व सारा गोरान्सन हे परदेशातून आलेले दोघे होते.

आता आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. कागदावरचा नकाशा बायकांना कळेना. दहा बाय तेरा म्हणजे केवढे? तेव्हा बांबू रोवून आणि कापड ताणून खऱ्या मापाचे घर उभे केले. भिंती कापडाच्या, जिना खडूने आखलेला. अक्का म्हणाल्या, "आत गेले आणि म्हटलं, इथं चूल ठेवली तर मोरीला जायला माझ्या सुनेला माझ्या अंगावरून जावं लागंल. मोरी तिकडं न्या." मोरी तिकडे गेली. कोणी म्हणाले जिना आत नको, कोणी म्हणाले वर पुढे आणखी एक खोली चढवता यावी. म्हणून काही घरांचा पाया आणि खांब एक मजला जादा पेलतील असे धरले होते. आज बऱ्याच घरांवर तो मजला चढलेला दिसतो. ज्यांची जागा अगदीच टीचभर होती अशा शेजाऱ्यांनी जागा एकत्र केल्या, एकच जिना ठेवला आणि वर घरे चढवली. त्यातून गल्लीला हात-दोन हात जागा सुटली. गल्ली मध्येच रुंद का होते, याचे उत्तर आम्हाला तिथे मिळाले.

अक्काच्या घरात खाली स्वयंपाक आणि मोरी-संडास, वर झोपायची खोली. जिना इतका उभा की आमच्यातली एक निम्म्यातूनच खाली उतरली. अक्कालाही आता गुडघ्यामुळे वर चढवत नाही. त्या खालीच झोपतात, चुलीशेजारी. "वरची खोली सुनेची. माझा टीव्ही खाली, मी खुश," म्हणून हसल्या. घरात संडास झाला याचे मोल मात्र त्यांनी दोनदा सांगितले. १९९९ मध्ये रत्नाकर गायकवाड महापालिका आयुक्त असताना पुण्यात संस्था आणि वस्त्यांना बरोबर घेऊन चारशेहून अधिक सामुदायिक शौचालये बांधण्याचे काम निघाले होते. त्याही कामात महिला मिलनच्या बायका होत्या. अक्का म्हणतात, शौचालय बांधले म्हणून घर बांधायचा धीर आला.

सगळेच गोड नाही. अक्काच्या समोरच्या घरातल्या मावशी बोलवायची वाटच बघत होत्या. त्यांच्या नवऱ्याने पंचवीस वर्षे गवंडीकाम केले. दुसऱ्यांची घरे बांधता बांधता उरलेल्या विटा, अर्धी पोती सिमेंट आणून, सुट्टीच्या दिवशी खपून स्वतःच्या चार भिंती उभ्या केल्या. मोजणीला आलेल्यांनी भिंतीवर हात फिरवला आणि लिहिले, पक्के. पक्क्या घराला अनुदान नाही. ज्यांनी पत्र्यावरच दिवस काढले त्यांना दोन मजले मिळाले. "आमी पोटाला चिमटा घेतला ती आमची चूक झाली," मावशी म्हणाल्या. अक्का खाली बघत राहिल्या. दोघी रोज एका नळावर पाणी भरतात. या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते आणि आजही नाही. नियम लिहिणाऱ्यांनी निदान त्या भिंती कोणी, कशा बांधल्या एवढे तरी विचारायला हवे होते, असे आम्हाला वाटते.

दुसरी तक्रार भाड्याची. घर पाडल्यापासून नवे होईपर्यंत खोली आपली आपण शोधायची. अक्काला पाच महिने सांगितले, ते अकरा झाले. तीस हजारांपैकी वीस बचतीतले होते, दहा कर्जाचे. वर भाडे. सुनेचे गंठण गेले ते त्याच साली. आणि जागेचे काय, असे विचारले तर अक्का म्हणाल्या, "घर माझं. खालच्या जमिनीचं विचारू नका, वहिनी."

ते अभियान आता संपले आहे. २०१५ मध्ये प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) आली आणि २०२४ मध्ये तिचा दुसरा टप्पा. त्यातही स्वतः घर बांधणाऱ्याला अनुदान आहे, पण मुख्यतः ज्याची जमीन आहे त्याला. आमच्यासारख्यांपुढे उरते ते बिल्डरचे संमतीपत्र. म्हणजे येरवड्यासारखे आम्हालाही करून द्या असे म्हणायला आज आमच्याकडे सोय नाही, हे परतीच्या गाडीत आमच्या लक्षात आले आणि चौघींची तोंडे उतरली. अक्काची वाट बंद, बिल्डरची उघडी. मग जाऊन मिळवले काय? यावर कर्जतपर्यंत वाद झाला. चिक्की संपली.

शेवटी एकीने विचारले की, बिल्डरचे तीनशे फूट कोणी पाहिले आहेत का? कोणीच पाहिलेले नव्हते. कागदावर एक रंगीत चित्र होते, त्यात सोफा होता.

त्या रविवारी आम्ही वस्तीच्या मैदानात बांबू रोवले आणि घरोघरी साड्या मागितल्या. साड्या द्यायला बायका तयार, पण चांगली साडी कोणी देईना, त्यामुळे आमचे घर भलतेच विटके झाले. चित्रातल्या मापाने भिंती ताणल्या, खडूने मोरी आखली, दार आखले. बिल्डरचा माणूस आला तेव्हा तीस-पस्तीस बायका आत-बाहेर करत होत्या. त्यांनी त्याला विचारले की, खिडकी कोणत्या बाजूला आहे, ती उघडली तर समोर दुसऱ्या इमारतीची भिंत किती हातांवर येते, बांधकाम चालेल तितके महिने भाडे कोण देणार आणि ते कागदावर कुठे लिहिले आहे, लिफ्ट बंद पडली तर कोण दुरुस्त करणार, आणि पापड वाळवायचे कुठे. शेवटच्या प्रश्नावर तो हसला, पण बायका हसल्या नाहीत. साहेबांना विचारून सांगतो, म्हणाला आणि गेला.

संमतीपत्रे अजून आमच्या घड्याळामागे आहेत. साड्याही परत दिलेल्या नाहीत. साहेब स्वतः येणार आहेत असा निरोप आहे, तोवर घर तसेच उभे ठेवायचे ठरले आहे. पाऊस आला नाही म्हणजे झाले.