शेपटी हलकी ठेव

चि. सई हिस,


फोमचं तयार विमान घेऊ का, असं तू विचारलं होतंस. त्यात पंख कुठे बसवायचा, वजन कुठे ठेवायचं, हे सगळं कुणीतरी आधीच ठरवून टाकलेलं असतं. मला तर खरी मजा तेच ठरवण्यात वाटते. म्हणून बाल्साच्या फळ्या पाठवल्या आहेत.

बाल्सा मुख्यतः इक्वाडोरमधून येतो. झाड भराभर वाढतं, सहा-सात वर्षांत तोडायला होतं. त्याच्या पातळ भिंतींच्या पेशी पाण्याने भरलेल्या असतात. भट्टीत वाळवलं की पाणी जातं, पेशी पोकळ राहतात. म्हणून सागाच्या जेमतेम पाव वजन. थॉर हेयरडाल नावाच्या संशोधकाने १९४७ साली पेरूहून पॉलिनेशियाला जो तराफा नेला, तो याच लाकडाचा. त्याने मात्र ओंडके ओलेच घेतले होते. आतल्या रसामुळे समुद्राचं पाणी लवकर शिरलं नाही.

एकाच जाडीच्या दोन फळ्यांचं वजनही सारखं नसतं, तेव्हा कापण्याआधी काट्यावर ठेवून बघ. सर्वांत हलकी फळी शेपटीसाठी राखून ठेव.

पंख ४० सेंमी लांब, साडेसात सेंमी रुंद. तंतू पंखाच्या लांबीच्या दिशेने हवेत, नाहीतर पहिल्याच धक्क्याला तो मोडेल. शेपटीचा आडवा पंख १५ बाय ५, त्यावर मधोमध छोटी उभी शेपटी. दांडी ३० सेंमी, जरा कडक लाकडाची. स्टीलची पट्टी धरून ब्लेड हलक्या हाताने पुन्हा पुन्हा फिरव; जोर दिलास तर ते तंतूंच्या मागे वाहवत जातं. पुढची कड पॉलिश पेपरने गोल कर, मागची निमुळती. मग पंख मधोमध कापून एक भाग टेबलावर सपाट ठेव, दुसऱ्याचं टोक पाच सेंमी उचल आणि तसंच चिकटव. विमान एका बाजूला कललं, की हा उथळ ‘व्ही’ त्याला पुन्हा सावरतो. फेव्हिकॉल बेताने लाव आणि रात्रभर वाळू दे.

पंखाची पुढची कड नाकापासून सात सेंमीवर येऊ दे. त्या कडेपासून अडीच सेंमी मागे, दोन्ही बाजूंना पंखाखाली पेन्सिलची खूण कर. तिथे बोटांवर उचललंस की विमान शेपटीकडे झुकेल. ते समतोल होईपर्यंत नाकाला क्ले लाव. हलकं लाकूड एवढ्या हौसेने निवडायचं आणि वर मातीचं ओझं लादायचं, हे विचित्र वाटेल. पण वजन पुढे नसेल तर विमान उडतच नाही. शेपटी त्या खुणेपासून, म्हणजे तोलबिंदूपासून, नाकाच्या जवळपास दुप्पट लांब आहे. तिथे वाढलेल्या प्रत्येक ग्रॅमसाठी नाकावर दोन ग्रॅम द्यावे लागतात. सर्वांत हलकी फळी शेपटीला ठेवायला सांगितली, ती याचसाठी. यॉर्कशरच्या जॉर्ज केलीने १८०४ साली काठीवर पंख बसवून, मागे हवी तशी वळवता येणारी शेपटी लावून असंच छोटं ग्लायडर उडवलं होतं. त्याआधी कित्येक जण पंख फडफडवण्याच्या मागे लागले होते. माझ्या लेखी विमानाची खरी सुरुवात त्या काठीपासून होते.

सकाळी, वारा पडलेला असताना, गवताच्या मैदानावर जा. जी काही झुळूक असेल तिच्याकडे तोंड करून नाक किंचित खाली ठेव आणि हलकेच पुढे सोड, भिरकावू नकोस. नाक वर काढून थबकलं, खाली आलं, पुन्हा वर गेलं, तर क्ले चिमूटभर वाढव. सरळ जमिनीत घुसलं तर थोडी काढ. एका वेळी एकच बदल कर, आणि तोही दोन-तीनदा उडवून पाहिल्यावरच. सरळ जाऊ लागलं की उभ्या शेपटीची मागची कड वाफेवर धरून केसभर डावीकडे वळव. मग ते मोठी गिरकी घेत उतरेल.

शेवटी नाकावर किती क्ले राहिली, ते काट्यावर तोलून कळव. शेपटी किती हलकी जमली, हे मला त्यावरून इथे बसून समजेल.

ताईला व दाजींना नमस्कार.

तुझा,
मामा