स्मरणचित्र कुणाच्या आठवणीतलं?

कवितेवर आपण रात्र-रात्र भांडतो. 'गोलपिठा' १९७२ साली आला, त्याच्यावरचा वाद अजून आपल्यात मिटलेला नाही. चित्रावर मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. वस्तीतलं चित्र काढणारं पोर आपल्याला आठवतं ते एप्रिल लागला की. बाबासाहेब काढ, मागं संसद काढ, वर निळा झेंडा. आता तेवढंही उरलं नाही. फ्लेक्स आला आणि हातानं बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरचं पोट गेलं.

मी दर रविवारी बुधवार पेठेत दहा-बारा पोरापोरींना घेऊन बसतो. बहुतेक आठवी-नववीतली. एलिमेंटरी ग्रेड परीक्षा हे निमित्त. पुढं इंटरमिजिएट पास झालं की दहावीला जादा गुण मिळतात, म्हणून आया पाठवतात. त्या परीक्षेत स्मरणचित्राचा पेपर असतो. पहिल्या रविवारी सगळ्यांनी एकच काढलं : दोन डोंगर, मधून सूर्य, नदी, नारळाचं झाड. म्हणलं, बुधवार पेठेत डोंगर कुठाय रे? सगळी हसली. ही आठवण पुस्तकातली, दुसऱ्याची. तुमच्या डोळ्यांनी बघितलं ते काढा.

मग आलं. मांडीवर सूप घेऊन बिड्या वळणारी आजी. बंद गिरणीची चिमणी. नळावरच्या घागरी. एका पोरीनं आई काढली, पहाटेच्या दिव्याखाली, हातात लांब दांड्याचा झाडू. एका पोरानं गटारीत कमरेपर्यंत उतरलेला बाप काढला. हातानं मैला उचलण्यावर १९९३ ला कायदा झाला, २०१३ ला दुसरा झाला. बाप उतरतोच.

भांडण इथं सुरू झालं. पोरीची आई म्हणाली, "दादा, आम्ही लपवतोय आन् ही चारचौघांत टांगतीया." मंडळातले म्हणाले, दैन्य किती दिवस दाखवायचं? कलेक्टर काढा, वकील काढा. हे म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. बाबासाहेबांच्या कोटाला अर्थ होता. पण मी त्यांना सावी सावरकरांची चित्रं दाखवली. नागपूरचा माणूस, बडोद्यात शिकला. गळ्यात मडकं आणि मागं झाडू बांधलेला पेशवाईतला अस्पृश्य त्यांनी काढला. तो बघताना मान आपली नाही, त्यांची खाली जाते. हेही सांगितलं की संविधानाची मूळ प्रत नंदलाल बोस आणि शांतिनिकेतनच्या कलावंतांनी चित्रांनी सजवली आणि बाबासाहेब स्वतः उतारवयात चित्रकला शिकत होते. पोरांना हे कुठल्याच शाळेनं सांगितलं नव्हतं.

आई एवढंच म्हणाली, लाव, पण नाव टाकू नको. पोरगी ऐकेना. बाकीच्यांची नावं हायत, माझंच का नको? पंधरा दिवस घरात अबोला. शेवटी नाव राहिलं.

प्रदर्शन वस्तीत लावलं असतं तर वस्तीनंच बघितलं असतं. नव्या पेठेत अख्खं सोलापूर खरेदीला येतं आणि तो रस्ता झाडायला आपलीच माणसं. एका दुकानदारानं भिंत देऊ केली. चित्रं बघून म्हणाला, बाबासाहेब ठेवा, बुद्ध ठेवा, ही गटार गिऱ्हाइकासमोर नको. पोरांनीच सांगितलं, मग एकही नको. दोन खांबांना सुतळी बांधली, कपड्याच्या चिमट्यांनी सगळी चित्रं लावली.

गर्दी झाली म्हणणार नाही. पिशव्या घेऊन माणसं थांबायची, निघायची. एकानं बुद्धाची किंमत विचारली, बाकीच्यांची कुणी नाही. अंधार पडताना झाडणारी एक बाई थांबली. झाडूच्या चित्रापुढं बराच वेळ उभी. मग पोरीला म्हणाली, "हात बराबर हायत बाय. पण कंबर एवढी सरळ कुठली? आमची वाकलेली असती."

पोरीनं चिमटा काढला, कागद गुडघ्यावर घेतला आणि पेन्सिल मागितली. बाई झाडू धरून तिच्यासमोर उभी राहिली.